गळू फुटले, पण छिद्र भरेना



आजचा विषय चारचौघांत कोणी काढत नाही. आमच्या दवाखान्यातही रुग्ण दार लावून घेतल्यावरच बोलतो. पलीकडच्या पाड्यावरचा तिशीतला एक गडी ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. तिथे गुदद्वाराशेजारी गळू झाले, चीर देऊन पू काढला, ठणका थांबला. तीन महिन्यांनी तो आमच्याकडे आला तेव्हा तिथे बारीक छिद्र होते, रोज कपड्याला डाग पडत होता. "मी जखम नीट धुतली नाही, असं बायको म्हणते," तो मान खाली घालून म्हणाला.

धुण्यात चूक नव्हती. गुदमार्गात, द्वारापासून सुमारे दोन सेंटिमीटर आत, बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबून पिकली की पू कातडीकडे वाट काढतो, तेच गळू. चीर दिल्यावर पू निघतो, पण आतले तोंड उघडे राहिले तर वाट बुजत नाही. हाच भगंदर. पू काढलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यांपर्यंत रुग्णांना तो होतो.

कोणाला होईल? पुवाच्या तपासणीत आतड्यातले जंतू निघाले तर धोका जास्त, कातडीवरचे निघाले तर बराच कमी. त्याच जागी पुन्हा गळू येणे ही मोठी खूण. चाळिशीच्या आतल्यांना तो अधिक होतो, असे एका अभ्यासात दिसले. म्हणजे नेमके राबते हात. मधुमेह्यांना गळवे जास्त होतात, पण त्याच अभ्यासात भगंदर मात्र त्यांना कमी झाला होता. (म्हणून कोणी साखर वाढवू नये!) बिडीचाही संबंध सांगतात. आतड्याच्या क्रोन आजारात भगंदर होतोच, पण आमच्या भागात मी आधी क्षयाचा विचार करतो आणि वाटेतला तुकडा तपासायला पाठवतो.

गोळ्या-मलमांनी ही वाट बुजत नाही. शस्त्रक्रिया किंवा क्षारसूत्र लागते, आणि मळ रोखणारा स्नायू जपावा लागतो.

आता ज्याचे गळू आम्ही फोडतो त्याला सहा आठवड्यांनंतरची तारीख आणि परतीचे एसटीभाडे देतो. भाडे तुमच्या दानातून जाते. त्या गड्याची वाट उथळ निघाली, क्षय नव्हता. मुकादमाची उचल घेण्याआधी जखम भरली. तपासायला बायकोही आली होती.