घराला कोणता धातू कुठे लावावा?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. ते खोटे नाही. घर जन्मात एकदाच बांधायचे. त्यात सारी शिल्लक जाते. वर कर्जही होते.

पूर्वी गावच्या घराला धातू फार लागत नसे. दगड, माती आणि लाकूड यांवर काम भागे. खिळे, कड्या, बिजागऱ्या लोहार करून देई. आता तसे राहिले नाही. पायापासून छपरापर्यंत लोखंड लागते. दुकानदार विचारतो, "कोणता माल देऊ?" आपण म्हणतो, "स्वस्तातला द्या." इथेच चूक होते.

आमची स्वतःचीच गोष्ट सांगतो. आम्ही एका शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेला नवी पडवी बांधली. वर स्लॅब घातला. काम चालू असताना आम्ही रोज पाहत होतो. सळया सरळ सेंट्रिंगच्या फळ्यांवर टेकवल्या होत्या. मनात शंका आली. पण म्हटले, मिस्त्रीला आपल्यापेक्षा अधिक कळते. आम्ही गप्प राहिलो.

काही वर्षांनी स्लॅबच्या खालच्या अंगाला तांबूस रेघा उमटल्या. मग भेगा पडल्या. एका रविवारी परातीएवढा थर खाली आला. जिथे पडला, तिथे रोज मुले डबा खायला बसत. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मुले वाचली. आत पाहतो तो काय, सळयांच्या खपल्या निघालेल्या!

असे का झाले? नीट ऐका. सिमेंटचे काँक्रीट ओझे सोसते, पण ताण सोसत नाही. ताण लोखंडी सळई सोसते. म्हणून दोघांची जोडी जमवतात. उन्हाने दोघे जवळजवळ सारखेच फुगतात, म्हणून जोडी टिकते. पण लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. आत जागा नसते. मग तो काँक्रीट फोडून बाहेर येतो.

म्हणून सळईवर सर्व बाजूंनी काँक्रीटचे पांघरूण हवे. स्लॅबमध्ये ते निदान २० मिलिमीटर, खांबात ४० मिलिमीटर असावे. त्यासाठी सळईखाली सिमेंटचे लहान ठोकळे ठेवतात. त्याला मिस्त्री कव्हर म्हणतात. ठोकळ्यांना खर्च किती? अगदी थोडा. आमच्या पडवीत तोच वाचवला होता.

समुद्राकाठची खारी वाळूही काँक्रीटला घेऊ नये. मीठ आत शिरले की सळई लवकर गंजते.

आता सळई निवडायची कशी? सळईवर थोड्या थोड्या अंतरावर अक्षरे आणि आकडे उठवलेले असतात. ते इंग्रजी असतात. पण इंग्रजी आकडे शिकायला दोन दिवस पुरतात. ४१५, ५०० असा आकडा दिसेल. तो सळईची ताकद सांगतो. ५०० च्या पुढे इंग्रजी 'डी' अक्षर असेल, तर ती सळई तुटण्याआधी अधिक ताणते आणि वाकते. हा गुण भूकंपात कामाला येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे गेली. तेव्हा घर नुसते जाड असून भागत नाही. धक्का सोसणारे हवे. कोणत्या आकड्याची सळई घ्यावी आणि किती जाड, हे इंजिनियरला विचारून कागदावर लिहून घ्या.

सळईचे वजनही तपासा. हिशेब सोपा आहे. जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिला तिनेच गुणा. आलेल्या आकड्याला १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत येते. १२ मिलिमीटरची सळई घ्या. बारा बारे १४४. भागिले १६२, म्हणजे सुमारे ८९० ग्रॅम. १२ मीटरची पुरी सळई सुमारे १० किलो ६५० ग्रॅम भरेल. थोडे कमीजास्त चालते. पण एकेका सळईत किलोभर कमी भरले, तर ती सळई घेऊ नका.

आता छपराकडे वळू. पन्हळी पत्रा आतून लोखंडाचाच असतो. त्यावर जस्ताचा थर दिलेला असतो. जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. म्हणून पातळ थराचा पत्रा स्वस्त मिळाला, तरी लवकर गळतो. भोक पाडायचे ते पन्हळीच्या उंचवट्यावर. खोलगट भागातून पाणी वाहते. तिथे भोक पाडले की पाणी घरात आलेच. खताची पोती पत्र्याला टेकवून ठेवू नका. खताने जस्त खाल्ले जाते.

ॲल्युमिनियम हलके असते. त्याला तांबडा गंज चढत नाही. खिडकीला ते चांगले. पण तुळईच्या जागी ते चालणार नाही. सारख्याच मापाच्या दोन पट्ट्या घेतल्या, तर तेवढ्याच ओझ्याने ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट लवते. शिवाय ओला चुना आणि ओले सिमेंट ॲल्युमिनियमला खाते. गिलावा वाळल्यावरच खिडकी बसवा.

विजेच्या तारा तांब्याच्या घ्याव्यात. तांब्याच्या तारेला ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडू नये. सांधा सैल होतो, तापतो, आणि घराला आग लागते.

पाण्याच्या तोट्या पितळी बऱ्या. पण पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारू नका. दोन निराळे धातू ओलीत एकमेकांना चिकटून राहिले, तर त्यांतला एक लवकर झिजतो. इथे लोखंड झिजते. स्क्रूही पितळीच घ्या.

स्टील या शब्दानेही फसू नका. दुकानदार सळईलाही स्टील म्हणतो. भांड्याचे स्टील निराळे. त्यात क्रोमियम मिसळलेले असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. सळईला मात्र पाण्यापासून जपावेच लागते.

ध्यानात ठेवा:
ओझे आणि ताण असेल तिथे लोखंडी सळई, आणि तिच्यावर पुरते पांघरूण.
छपराला चांगल्या जस्ताचा पत्रा.
खिडकीला ॲल्युमिनियम, तोटीला पितळ, विजेला तांबे.
माल वजन करून घ्यावा. पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

शेवटी एकच सांगणे. तुम्ही आता वाचायला शिकलात. सळईवरचा आकडा वाचा. पावती वाचा. कळले नाही तर विचारा. "ठोकळे कुठे आहेत?" एवढेच आम्ही त्या दिवशी विचारले असते, तर पडवी पडली नसती. विचारणारा माणूस अडाणी नसतो. आम्ही शिकलेले होतो, पण विचारले नाही. तुम्ही तसे करू नका.