टायमिंग बेल्ट : इंजिनाचा ताळमेळ राखणारा दातेरी पट्टा



जुनी गाडी घेताना आपण टायर पाहतो, एसी लावून बघतो, रंगावर ओरखडे आहेत का ते तपासतो. पण "टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?" हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. हा पट्टा झाकणाच्या आत असतो, त्यामुळे दिसत नाही. आणि बऱ्याचदा तो तुटण्याआधी काहीच सूचना देत नाही. म्हणूनच त्याची माहिती आधी असलेली बरी. आज आपण हा पट्टा काय करतो आणि घरी बदलताना कोणती काळजी घ्यायची ते पाहूया.

पट्टा करतो काय?

इंजिनात चार क्रिया होतात : हवा-इंधन आत घेणे, ते दाबणे, ते जळून जोर मिळणे आणि धूर बाहेर टाकणे. एवढ्यात पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, म्हणजे खालचा क्रँक दोन फेऱ्या मारतो. प्रत्येक व्हॉल्व्ह मात्र एकदाच उघडायचा असतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅम एकच फेरी मारतो. हे २:१ प्रमाण साधायला क्रँकच्या चाकाला २० दाते असतील तर कॅमच्या चाकाला ४० लागतात. या दोघांना बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट.

शिलाई मशीन आठवा. सुई खाली येते आणि शटल बरोबर त्याच क्षणी दोरा पकडते. थोडं मागेपुढे झालं की टाका सुटतो. इंजिनाचंही तसंच आहे, फक्त वेग प्रचंड. मिनिटाला ३००० फेरे असतील तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो, कॅम २५ वेळा. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो!

पूर्वी हे काम साखळी किंवा गिअर करत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ग्लास १००४ या गाडीत रबरी दातेरी पट्टा आला. तो हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा. आपल्याकडच्या मारुती ८००, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल या गाड्यांत असाच पट्टा आहे. स्विफ्टच्या १.३ डिझेल इंजिनात मात्र साखळी आहे. म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते आधी पुस्तिकेत पाहावे.

तुटला तर काय होते?

कॅम जागीच थांबतो, पण क्रँक वेगामुळे फिरतच राहतो. काही इंजिनांत पिस्टन वर आल्यावरही उघड्या व्हॉल्व्हला जागा उरते. तिथे गाडी फक्त बंद पडते. बऱ्याच इंजिनांत ही जागा नसते. डिझेलमध्ये तर जवळजवळ नसतेच. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावे लागते. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च! शिवाय घाटात किंवा हायवेवर इंजिन अचानक बंद पडणे हा जिवाशी खेळ.

कधी बदलायचा?

किलोमीटर आणि वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा. दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच, बरं का! मागच्या मालकाकडे बिल नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून चालावे. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट गळत असेल तर आधी ती गळती काढावी, नाहीतर नवा पट्टाही टिकणार नाही.

तयारी

नुसता पट्टा आणू नका. टेन्शनर आणि आयडलरचे बेअरिंगही तेवढेच चाललेले असते, ते सोबत बदला. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. पाने, सॉकेट, टॉर्क रेंच, जॅक, भक्कम स्टँड आणि त्या इंजिनाची सर्व्हिस माहिती हाताशी हवी. गाडी सपाट पक्क्या जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना ओट लावा. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. इंजिन पूर्ण थंड हवे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली.

काम कसे चालते?

१. पुढचे चाक, बाहेरचे फॅन बेल्ट आणि वरचे झाकण काढा. इंजिनाचे माउंटिंग काढावे लागत असेल तर आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या.

२. क्रँक पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. लांब पाना वापरा. स्टार्टर मारून तो सोडवण्याची युक्ती काही जण सांगतात, ती घरी करू नका. पाना उडून हात मोडू शकतो.

३. गाडी न्यूट्रल करा, स्पार्क प्लग काढा. इंजिन पान्याने त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवून क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा जुळवा. मग पुली आणि खालचे झाकण काढून खुणा पुन्हा पाहा, फोटो काढा.

४. टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढा. आता क्रँक किंवा कॅम अजिबात फिरवू नका.

५. नवा पट्टा क्रँकपासून सुरू करा. टेन्शनर नसलेली बाजू ताणलेली ठेवून तो कॅमवर चढवा, सैलपणा टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका, दात फाटतात. ताण आणि बोल्टचा टॉर्क पुस्तिकेप्रमाणेच.

एका दाताची किंमत

कॅमच्या चाकाला ४० दाते असतील तर एक दात म्हणजे ३६० ÷ ४० = ९ अंश. क्रँकच्या हिशेबाने तो १८ अंश होतो! म्हणून 'एकच दात चुकलाय, चालेल' असे कधीच म्हणू नये.

दोन फेऱ्यांची परीक्षा

पट्टा बसवल्यावर चावी लावायची घाई नको. क्रँक पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कॅमची एक फेरी होईल आणि दोन्ही चाकांच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्येच कुठे कडक अडथळा लागला तर थांबा, जोर लावू नका. तिथे पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. हाताने टेकला तर नुकसान टळते, स्टार्टरने टेकला तर टळत नाही.

इथे नवखे लोक एका गोष्टीने घाबरतात. पट्ट्यावर खडूने केलेल्या खुणा दोन फेऱ्यांनंतर चाकांच्या खुणांसमोर येतच नाहीत! इथे आपला शाळेतला लसावि कामाला येतो. पट्ट्याला समजा १०५ दाते आहेत. दोन फेऱ्यांत तो ४० दातच पुढे सरकतो. ४० आणि १०५ चा लसावि ८४०. म्हणजे क्रँकच्या ४२ फेऱ्यांनंतरच सगळ्या खुणा एकत्र येतील. म्हणून पाहायच्या त्या चाकांच्या आणि इंजिनावरच्या खुणा, पट्ट्यावरच्या नव्हे.

कोणी करावे, कोणी करू नये?

ज्यांनी फॅन बेल्ट, ब्रेक पॅड अशी कामे स्वतः केली आहेत, त्यांनी अनुभवी माणसाला सोबत घेऊन हे काम करावे. ज्यांच्याकडे स्टँड किंवा इंजिनाची माहिती नाही, त्यांनी गॅरेजमध्येच द्यावे. पण तिथेही "टेन्शनर बदलला का? हाताने दोन फेऱ्या फिरवून पाहिल्या का?" हे जरूर विचारावे.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून झाकणावर चिकटवा. उद्या गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला अंदाजावर गाडी चालवावी लागणार नाही.