रेफ्रिजरेटरमधील तापमान-संवेदकाची तपासणी

आता अनेक शेतकरी कुटुंबांत रेफ्रिजरेटर आहे. त्यात दूध व भाजीपाला यांच्याबरोबर जनावरांच्या लशीच्या बाटल्याही ठेवल्या जातात. दूध नासले की वासावरून कळते. लशीचे तसे नाही. लाळ-खुरकत रोगाची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती एकदा गोठली की निकामी होते व वितळल्यावर तिचा गुण परत येत नाही. अशी लस टोचलेले जनावर सुरक्षित आहे, असे समजून पशुपालक निर्धास्त राहतो. यासाठी रेफ्रिजरेटरचे तापमान बिनचूक असणे अगत्याचे आहे.

नव्या पद्धतीच्या रेफ्रिजरेटरमध्ये थंडावा मोजण्याचे काम थर्मिस्टर नावाचा मण्याएवढा संवेदक करतो. थंडी वाढली की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो आणि उष्णता वाढली की तो घटतो. या रोधावरून नियंत्रक कॉम्प्रेसर चालू किंवा बंद करतो. संवेदकात ओल शिरून रोध घटल्यास नियंत्रकाला आतील हवा उष्ण भासते. कॉम्प्रेसर प्रमाणाबाहेर चालतो व आतील पदार्थ गोठतात. उलट रोध अवाजवी वाढल्यास कॉम्प्रेसर लवकर थांबतो व दूध नासते. दारावरील आकडाही बहुधा याच संवेदकाचा असतो. म्हणून त्यावर विसंबून राहू नये.

प्रथम साधी कारणे पाहावीत. दाराची रबरी पट्टी सैल झाली आहे काय, हवेची छिद्रे भांड्यांनी झाकली आहेत काय, विजेचा दाब पुरेसा आहे काय, हे तपासावे. नंतर मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात तापमापक रात्रभर राहू द्यावा. सकाळचे तापमान व दारावरील आकडा यांत मोठा फरक आढळल्यास संवेदकाचा संशय घ्यावा.

संवेदक तपासण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा. हे काम जाणत्या कारागिराकडून करवून घेणे इष्ट. जोडणी सोडवून तिच्यावर गंज चढला आहे काय, तार तुटली आहे काय, हे पाहावे. मग बर्फाचा चुरा व थोडे पाणी यांच्या मिश्रणात संवेदकाचे टोक पाच-दहा मिनिटे बुडवावे. जोडणी मात्र कोरडी ठेवावी. या मिश्रणाचे तापमान ० अंश असते. मल्टिमीटरने रोध मोजून तो उत्पादकाच्या तक्त्याशी ताडावा. उदाहरणार्थ, २५ अंशांस १०,००० ओहम रोध असलेल्या संवेदकाचा रोध ० अंशास सुमारे ३०,००० ओहम भरतो. त्यानंतर टोक मुठीत धरल्यास रोध सावकाश उतरला पाहिजे. आकडा उड्या मारीत असेल, शून्य असेल अथवा मुळीच येत नसेल, तर संवेदक बदलावा. नवा संवेदक त्याच मूल्याचा असावा. संवेदक निर्दोष ठरल्यास दोष बर्फ वितळविण्याच्या यंत्रणेत, पंख्यात किंवा गॅसमध्ये शोधावा.

जुन्या रेफ्रिजरेटरमध्ये थर्मिस्टरऐवजी वायूने भरलेल्या बारीक नळीचा थर्मोस्टॅट असतो. त्याला ही कसोटी लागू पडत नाही.

दुरुस्तीनंतर निदान एक दिवस तापमापकाने खात्री करून घ्यावी. लस मागच्या थंड भिंतीला टेकवून अथवा दारात ठेवू नये. मधल्या फळीवर ठेवावी. गोठल्याचा संशय असलेली लस मात्र पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखविल्याखेरीज वापरू नये.