फाल्गुनातील गारा आणि वैशाखातील कोरड

फाल्गुन सरत आला म्हणजे मराठवाड्यात गहू, हरभरा, ज्वारी ही रब्बीची पिके कापणीस येतात आणि आंब्याला लहान कैऱ्या धरतात. अशा एखाद्या दिवशी दुपारपर्यंत ऊन रणरणते, पान हालत नाही. तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर काळाकुट्ट ढग उठतो, सोसाट्याचा वारा सुटतो आणि गारांचा मारा सुरू होतो. घटकाभरात उभे पीक भुईसपाट होते. पुढे दीड-दोन महिन्यांनी त्याच शिवारात विहिरीचा तळ उघडा पडलेला असतो. जेथे आकाशातून बर्फ पडले, तेथेच पाण्यासाठी वणवण व्हावी, हे कोणासही विलक्षण वाटेल. तथापि या दोन गोष्टींत वस्तुतः विरोध नाही.

समुद्रापासून दूर असलेले हे पठार वसंतात झपाट्याने तापते. तापलेली हवा वर चढू लागते. तिला समुद्रावरून आलेल्या बाष्पाची जोड मिळाली की उत्तुंग गडगडाटी मेघ तयार होतात. त्यांतील जोरदार ऊर्ध्वगामी वारे जलबिंदूंना अतिथंड थरात उचलून नेतात. तेथे हिमकणांवर थरावर थर गोठत जातात, आणि भार पेलेनासा झाला म्हणजे गार खाली कोसळते. फाल्गुन-चैत्रात वरची हवा अद्याप पुरेशी थंड असते, म्हणून गार जमिनीपर्यंत टिकते. वैशाखात तीच गार बहुधा वाटेतच वितळते आणि वळिवाचे टपोरे थेंब होऊन पडते.

मग हे पाणी जाते कोठे? एक एकरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी होते. हे थोडे नव्हे. परंतु वादळी पाऊस चिंचोळ्या पट्ट्यात आणि थोडाच वेळ पडतो. काळी जमीन त्यातील बराचसा भाग वरच्या वितीतच शोषून घेते आणि पुढील उन्हात तो उडून जातो. मे महिन्यात उघड्या जलाशयाचे पाणीही दिवसाकाठी सेंटिमीटरभर आटते. शिवाय खालचा काळा पाषाण पाणी साठवतो तो मुख्यतः आपल्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. ही साठवण अल्प, आणि ती भरावयास पावसाळ्याची दीर्घ झड लागते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशात तीच अनेकदा दगा देते.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली आणि शेतकऱ्यांच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. त्यानंतर २०१४ व २०१५ हे दोन्ही पावसाळे अपुरे झाले. लातूर शहरास पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे जेमतेम पाच एकरांवरील एका इंचाच्या पावसाइतके!

सारांश, वसंतातील मेघगर्जनेवर पाण्याची भिस्त ठेवता येत नाही. चैत्र-वैशाखातील विहिरीचे भवितव्य आदल्या आश्विनातच बव्हंशी ठरून गेलेले असते. म्हणून पाण्याचा हिशेब मांडण्याची खरी वेळ नळ कोरडा पडण्याची नव्हे, तर दसऱ्याची होय. त्या वेळी धरण किती भरले, हे ज्याने पाहिले आणि त्या बेताने पाणी वापरले, त्याच्या घरी वैशाखात माठ रिता राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही.