न जुळणारी रोकड

बँकेत दिवसाअखेर रोकड जुळली नाही, की कोणी घरी जात नसे. फरक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, आमचे हेडकॅशियर चष्मा पुसून पुन्हा पहिल्या व्हाउचरपासून सुरुवात करीत. 'पैसे कमी आहेत म्हणजे ते कुठेतरी गेलेत. आपल्याला दिसत नाहीत, एवढंच,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. निवृत्तीनंतर ते सांगलीला स्थायिक झाले आणि २०१८ साली त्यांच्या शरीरातलीच रोकड जुळेनाशी झाली.

आषाढातल्या एका सकाळी पूजा करता करता त्यांना घेरी आली. दोन दिवस शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होत होते. पण असल्या गोष्टी आपल्याकडे कोण बोलून दाखवतो? रुग्णालयात हिमोग्लोबिन सहा भरले. रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहिले, मग मोठे आतडे पाहिले. कुठे व्रण नाही, गाठ नाही. 'सगळं नॉर्मल आहे,' असे ऐकून मंडळी पेढे घेऊन घरी आली. महिन्याभराने पुन्हा घेरी, पुन्हा सहा, पुन्हा पिशव्या. या वेळी सीटी स्कॅनही झाला. पण मूत्रपिंड जरा नाजूक म्हणून डाय न देता. त्याचाही रिपोर्ट नॉर्मल.

माणूस आजारी आणि कागद निरोगी, अशी स्थिती आली की लोक कागदावर विश्वास ठेवतात. प्रत्येक वेळी दाखल करून घेताना तरुण डॉक्टर विचारीत, 'काका, घेता का?' डॉक्टरांना हे विचारावेच लागते. पण गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला ते चारचौघांत विचारले गेले, की भेटायला आलेल्या पाहुण्यांना वेगळाच विषय मिळतो. 'माळकऱ्याचंही काही सांगता येत नाही हो,' हे वाक्य वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकले. रक्तापेक्षा त्या वाक्याने त्या अधिक खचल्या.

वास्तविक पोटातला बहुतेक रक्तस्राव सापडतो. जठरातले व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, मूळव्याध ही नेहमीची कारणे. दुर्बिणीला ती दिसतात आणि पुष्कळदा तिथल्या तिथे उपचारही होतो. म्हणून पहिला मान दुर्बिणीचाच. पण साधारण पाच टक्के रुग्णांत दोन्ही दुर्बिणी रिकाम्या हाताने परततात. तोंडातली दुर्बीण आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालची दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जेमतेम डोकावते. आणि मधे राहते काही मीटर लांबीचे, वेटोळे घातलेले लहान आतडे. त्याच्यासाठी गोळीएवढा कॅमेरा निघाला, त्याला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्ण तो पाण्याबरोबर गिळतो आणि तो आतून हजारो चित्रे पाठवतो. आमच्या हेडकॅशियरनी तोही गिळला. जागोजागी काळसर रक्त दिसले, पण ते येते कुठून हे दिसले नाही.

इथे एक गोष्ट आपण सामान्य माणसे विसरतो. चित्र हे त्या क्षणाचे असते. असा रक्तस्राव बहुधा थांबून थांबून होतो. चोर रात्री येतो आणि आपण दुपारी पंचनामा करतो. शिवाय प्रत्येक तपासणीची एक किमान मर्यादा असते. १९६३ साली अमेरिकेत नुसबॉम आणि बॉम या डॉक्टरांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की धमनीत डाय सोडून क्ष-किरण चित्रे घेतली तर मिनिटाला अर्धा मिलीलिटर इतका स्राव पकडता येतो. अर्धा मिलीलिटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब केला तर दिवसाला सातशे वीस मिलीलिटर, म्हणजे रक्तपेढीच्या दोन पिशव्या! त्याहून हळू गळणारे रक्त पकडायचे तर दुसरी युक्ती आहे. रुग्णाचेच थोडे रक्त काढायचे, त्यातल्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची खूण लावायची आणि ते परत शरीरात सोडायचे. खूण केलेल्या नोटा बाजारात सोडाव्यात, तसे. मग कॅमेरा लावून बसायचे. पेशी आतड्यात उतरल्या, की त्या जागी ठिपका उजळतो. मिनिटाला एक दशांश मिलीलिटर स्रावही यात कळू शकतो, आणि चोर उशिरा आला तरी काही तासांनी पुन्हा चित्र घेता येते. जागा मात्र ढोबळ कळते. गल्ली सापडते, घर नाही.

याच टेक्नेशियमने लहान मुलांतले एक कोडे सुटते. शंभरातल्या सुमारे दोन माणसांच्या लहान आतड्याला जन्मतःच एक छोटी पिशवी राहून गेलेली असते. योहान मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. बहुतेकांना ती जन्मभर त्रास देत नाही. पण कधी कधी तिच्यात जठराचे अस्तर उगवलेले असते, ते आम्ल सोडते, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि हसत्याखेळत्या मुलाला, काही दुखत नसताना, भळाभळा रक्त जाते. जठराचे अस्तर टेक्नेशियम ओढून घेते. म्हणून चित्रात जठराबरोबर बेंबीच्या आसपास आणखी एक ठिपका उजळला, तर बहुधा तीच ती पिशवी. या द्रव्याची शक्ती दर सहा तासांनी निम्मी होत जाते, त्यामुळे ते शरीरात फार काळ रेंगाळत नाही. आपल्याकडे अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ पासून आहे. अणूचा हा सौम्य चेहरा मुंबईने तेव्हापासून पाहिला आहे.

आमच्या हेडकॅशियरचे कोडे मात्र वेगळे होते. तिसऱ्या खेपेला त्यांना पुण्याला आणले. तिथल्या पोटविकारतज्ज्ञांनी आधी कोणतेही यंत्र लावले नाही. खुर्ची ओढून वहिनींना विचारले, 'आधी पोटात दुखतं, की आधी काळं होतं?' वहिनी म्हणाल्या, 'आधी दुखतं. बरगडीखाली, पाठीपर्यंत. मग एकदम थांबतं आणि दुसऱ्या दिवशी काळं होतं.' डॉक्टरांनी जुने कागद मागितले. वहिनींच्या कापडी पिशवीत विजेच्या बिलांखाली दोन वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड निघाले. पित्ताशयातल्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली होती, पुढे पित्ताशय काढले होते. तो आजार बरा झाला म्हणून पुन्हा कोणी त्याचा उल्लेखच केला नव्हता.

त्या सुजेने शेजारून जाणाऱ्या, प्लीहेकडे रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत कुरतडली होती. तिथे फुगा तयार झाला आणि तो स्वादुपिंडाच्या नळीत थोडा थोडा गळू लागला. नळीत गुठळी अडकली की दुखे. ती सुटून रक्त आतड्यात उतरले की दुखणे थांबे. या विकाराला 'हिमोसक्कस पॅन्क्रियाटिकस' हे नाव १९७० साली फिलिप सँडब्लोम या स्वीडिश शल्यचिकित्सकाने दिले. आजार आणि कलानिर्मिती यांच्या नात्यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. म्हणून मला ते जवळचे वाटतात.

डॉक्टरांनी मूत्रपिंडाची काळजी घेऊन, सलाइन देऊन, या वेळी डाय देऊन सीटी अँजिओग्राफी केली. डाय धमन्यांत भरते ते अगदी थोडे सेकंद. चित्र नेमके तेव्हाच घ्यावे लागते. आणि या तपासणीचा मोठा फायदा असा, की रक्त त्या क्षणी गळत नसले तरी फुगा डायने भरून उजळतो. चोर नसला तरी फुटलेली कडी दिसते. बोराएवढा फुगा पडद्यावर स्पष्ट दिसला. डाय नसलेल्या पहिल्या स्कॅनमध्येही तो तिथेच असणार; आपण त्याला दिवा न लावता शोधत होतो.

पुढचे काम जांघेतून. मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेतात. डाय सोडण्यापूर्वीचे चित्र डाय सोडल्यानंतरच्या चित्रातून संगणक वजा करतो. हाडे, आतडी सारी नाहीशी होतात आणि उरतात फक्त रक्तवाहिन्या. म्हणून त्या तंत्राला डिजिटल सबट्रॅक्शन म्हणतात. साठीच्या पुढे गेलेल्या दोन बँकवाल्यांना वजाबाकीचा एवढा उपयोग पहिल्यांदाच कळला! फुग्याच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक तारेची वेटोळी बसवून ती वाट बंद केली. पोट उघडावे लागले नाही. प्लीहेला जठराकडून येणाऱ्या छोट्या वाहिन्यांतून रक्त मिळत राहिले.

हे सारे वाचून कोणी उद्याच डाय देऊन स्कॅन करून घेऊ नये. डायची ॲलर्जी असते, मूत्रपिंडाचा प्रश्न असतो, किरणांची मात्रा असते. आणि लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण डांबरासारखी शौच लपवू नये. उतारवयातले कमी हिमोग्लोबिन 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नये. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर कुठली तपासणी, डाय देऊन की न देता, आणि स्राव चालू असताना की थांबल्यावर, एवढे तरी विचारावे. नॉर्मल रिपोर्ट हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. न विचारलेल्या प्रश्नाचे नव्हे.

घरी सोडले त्या दिवशी हिमोग्लोबिन साडेदहा होते, तीन महिन्यांनी तेरा झाले. पुढच्या आषाढीला वहिनी त्यांना एसटीने पंढरपूरला घेऊन गेल्या. ते 'काही सांगता येत नाही' म्हणणारे पाहुणेही बरोबर होते. वहिनींनी त्यांना काही ऐकवले नाही. फक्त सगळी कागदपत्रे असलेली ती कापडी पिशवी प्रवासभर मांडीवर धरून ठेवली.