कोकम सरबताने जनुकं बंद होतात?

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांपाशी उभा होतो. भाच्याने मोबाईल पुढे केला. ‘मामा, कोकम सरबताने कॅन्सरची जनुकं बंद होतात म्हणे.’ असले निरोप मी एरवी सोडून देतो. या वेळी थांबलो, कारण या अफवेच्या बुडाशी खरं संशोधन आहे.

बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तापस कुंडू यांच्या गटाने २००३ साली काजूच्या टरफलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल तपासलं, २००४ मध्ये कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन. पी-३०० नावाच्या एन्झाइमला तिघंही अडवतात.

हे पी-३०० करतं काय? त्याआधी एक जुना समज काढून टाकू : यकृतात यकृताचीच जनुकं असतात, डोळ्यात डोळ्याचीच. तसं नसतं. जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळा संच असतो, सुमारे दोन मीटर डीएनए. तो हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो; एका रिळात आठ हिस्टोन, भोवती १४७ अक्षरजोड्या. हिस्टोनच्या शेपटांतल्या लायसिन या अमिनो आम्लावर धन विद्युतभार, डीएनएवर ऋण, म्हणून पकड घट्ट. पी-३०० लायसिनला अ‍ॅसिटिल गट चिकटवतं, भार नाहीसा होतो, वेटोळं सैलावतं. शिवाय त्या खुणेला ओळखून काही प्रथिनं तिथे येऊन बसतात. मग जनुकाची आरएनएत नक्कल उतरते. यालाच प्रतिलेखन म्हणायचं. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी हे १९६४ मध्येच सुचवलं होतं. पण १९९६ मध्ये डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या प्रयोगशाळेला टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात अ‍ॅसिटिल चिकटवणारं एन्झाइम सापडलं आणि ते यीस्टमधल्या एका ओळखीच्या जनुक-नियंत्रकाचंच भावंड निघालं, तेव्हा कुठे लोकांना पटलं.

यात डीएनएचं एकही अक्षर बदलत नाही. अ‍ॅसिटिल पुसणारी एन्झाइमंही पेशीत असतात, ती काही मिनिटांत खूण काढून टाकू शकतात. मिथिल ही अशीच आणखी एक रासायनिक खूण. ‘अ‍ॅसिटिल म्हणजे चालू, मिथिल म्हणजे बंद’ हे सूत्र परीक्षेपुरतं ठीक आहे. एच-३ हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवर तीन मिथिल असले तर जनुक बहुधा चालू, सत्ताविसाव्यावर असले तर बंद. आणि पी-३०० हिस्टोनपुरतं थांबत नाही. पेशीला कर्करोगापासून राखणाऱ्या पी-५३ प्रथिनालाही ते अ‍ॅसिटिल लावतं. त्याला सरसकट अडवणं म्हणजे राखणदाराचेही हात बांधणं.

आता सरबत. ते प्रयोग परीक्षानळीत आणि ताटलीत वाढवलेल्या पेशींवर झाले. गार्सिनॉल पाण्यात जवळपास विरघळत नाही. आमसुलं भिजवली की उतरतो तो रंग आणि आंबटपणा, ती द्रव्यंच वेगळी. हळदीच्या दुधाचीही तीच गत, कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडं जातं.

गंमत पुढेच आहे. त्वचेतल्या एका प्रकारच्या लिम्फोमा या कर्करोगावर अमेरिकेत २००६ मध्ये व्होरिनोस्टॅट या औषधाला मान्यता मिळाली. ते अडवतं अ‍ॅसिटिल पुसणाऱ्या एन्झाइमांना, म्हणजे गार्सिनॉलच्या बरोबर उलट.