शेवटचा हप्ता फिटेपर्यंत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. देवापुढे दिवा लावत होते, तेवढ्यात दार वाजलं. आमच्या बचत गटातली चाकणजवळची एक मैत्रीण दारात उभी. हातात प्लास्टिकची पिशवी, डोळे रडून सुजलेले. "ताई, टेम्पो नेला हो त्यांनी!" एवढंच बोलली आणि मटकन खाली बसली.

तिचा नवरा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपलं, तेव्हा त्याने हप्त्याने छोटा टेम्पो घेतला. चाकणहून भोसरीला सुटे भाग पोचवायचे. धंदा बरा चालला होता. ३६ पैकी २९ हप्ते वेळच्या वेळी भरले. मग नवऱ्याचा पाय मोडला आणि तीन हप्ते थकले. एके रात्री चार माणसं आली, दिराच्या हातातून किल्ली हिसकावली आणि गाडी घेऊन गेली. ना नोटीस, ना पावती. वर फोनवर ऐकवलं, "आठ दिवसांत सगळे पैसे भरा, नाहीतर गाडी विकू."

पिशवीतले कागद आम्ही सतरंजीवर पसरले. हप्त्यांच्या पावत्या होत्या, करारनामा मात्र नव्हता. "सही करताना वाचलं नाहीस?" मी विचारलं. "इंग्रजीत होतं ताई. त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. जामीनदार म्हणून माझीबी घेतली." मला तिचा राग आला नाही. आमचं वॉशिंग मशीन हप्त्याने घेतलं तेव्हा बी. ए. झालेल्या मी तरी कुठे वाचलं होतं?

मैत्रिणींनो, हप्त्याची खरेदी दिसते एक आणि कागदावर असते दुसरीच. कर्जाने घेतलेली वस्तू आपल्या मालकीची असते, पण कंपनीकडे तारण राहते. भाडे-खरेदीच्या करारात मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक कंपनीच, आपण नुसते भाडेकरू. अशा व्यवहारांसाठी संसदेने १९७२ साली खास कायदा केला होता. बरीचशी रक्कम फिटल्यावर कोर्टात गेल्याशिवाय वस्तू परत नेता येऊ नये, अशी सोय त्यात होती. पण तो प्रत्यक्षात लागू झालाच नाही आणि २००५ मध्ये रद्दही झाला.

म्हणजे आपण अगदीच उघड्यावर? तसं नाही. हप्ते थकले तर करारानुसार कंपनी गाडी परत नेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. पण वसुलीसाठी गुंडगिरी चालणार नाही, असंही याच न्यायालयाने २००७ मध्ये एका बँकेला बजावलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे फायनान्स कंपनीने कराराची प्रत द्यायलाच हवी. गाडी नेण्याआधी किती दिवसांची नोटीस, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी, हे त्या करारात लिहिलेलं हवं. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचे नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत व्याज आणि सगळे खर्च मांडलेलं माहितीपत्रक, तेही आपल्याला समजणाऱ्या भाषेत, देणं बंधनकारक आहे.

हे सगळं त्या रात्री मला तोंडपाठ नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मग कंपनीला पत्र लिहिलं : कराराची प्रत द्या, खात्याचा उतारा द्या, नोटीस कधी दिली ते सांगा, तोवर गाडी विकू नका. पत्र स्पीड पोस्टने पाठवलं, पोच जपून ठेवली. पोलिसांतही लेखी अर्ज दिला.

"पण टेम्पो म्हणजे धंद्याची गाडी. आपण ग्राहक कसे?" तिच्या नवऱ्याने शंका काढली. बरोबर शंका होती. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण ग्राहकच ठरतो. दोन वर्षांच्या आत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वकील हवाच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. शिवाय कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. पंधराव्या दिवशी कंपनीचा फोन आला. मैत्रिणीने पाटल्या गहाण टाकून थकलेले तीन हप्ते भरले आणि टेम्पो परत आणला. गाडी नेण्याचा म्हणून लावलेला खर्च करारात कुठेच नव्हता, तो कंपनीला सोडावा लागला. पण तीन आठवड्यांचं भाडं बुडालं ते बुडालंच.

उरलेले चार हप्तेही आता फिटले. तेवढ्यावर न थांबता तिने कंपनीकडून ना हरकत दाखला घेतला आणि आरटीओत जाऊन गाडीच्या कागदावरचा बोजा उतरवला. कोरे धनादेश दिले होते, तेही मागून घेतले.

परवा गटाच्या बैठकीत एकीने फ्रीज हप्त्याने घ्यायचं काढलं. मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "आधी कागद घरी आण बाई. सगळ्याजणी मिळून वाचू, मग सही कर."